आधी माप, मग कात्री

शिंप्याकडे कापड टाकायला गेले की तो आधी गळ्यातली टेप काढून माप घेतो. वैद्य पुडी बांधण्यापूर्वी नाडी पाहतो. आम्ही शिक्षक मात्र जूनमध्ये वर्गात शिरतो, पुस्तक उघडतो आणि पहिल्या पानापासून कात्री चालवू लागतो. अंगरखा कुणाला आखूड होतो, कुणाला ढगळ. आणि परीक्षेच्या वेळी आम्ही मुलाच्या अंगालाच दोष देतो!

शिकवण्याआधी विद्यार्थ्याला काय येते हे पाहणाऱ्या परीक्षेला पूर्वचाचणी म्हणतात. नाव नवे वाटले तरी कल्पना फार जुनी आहे. छांदोग्य उपनिषदात नारद सनत्कुमारांकडे शिकायला जातो. सनत्कुमार त्याला सांगतात, ‘तुला जे ठाऊक आहे ते आधी सांग, त्याच्या पुढचे मी सांगेन.’ नारद मग वेदांपासून सर्पविद्येपर्यंत भली मोठी यादी ऐकवतो. ‘हे सारे नामच,’ असे म्हणून गुरू त्याच नामापासून त्याला एकेक पायरी वर नेतात. शिष्य जिथे उभा आहे तिथूनच शिक्षण सुरू करायचे, हा त्यातला धडा.

आमच्या कोपरगावला गुरुशिष्यांच्या गोष्टींचे अगत्य असायचेच. गोदाकाठी बेटात शुक्राचार्यांचे मंदिर आहे आणि कचाने संजीवनी विद्या इथेच मिळवली अशी गावाची श्रद्धा आहे. पण माझे शिष्य काही कचासारखे बृहस्पतीच्या घरचे नव्हेत. कुणी उसाच्या पट्ट्यातल्या वाडीवरून एस.टी.ने येतो, कुणी शिर्डीच्या लॉजवर रात्रपाळी करून सकाळी वर्गात बसतो. सगळ्यांच्या हातात बारावीची गुणपत्रिका असते. ती किती गुण मिळाले ते सांगते. काय येते ते सांगत नाही.

म्हणून प्रथम वर्षाच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मी एक कागद देतो. वीस मिनिटे, तीन प्रश्न, गुण नाहीत. पहिला प्रश्न श्रुतलेखनाचा. त्यात ‘मूल’ आणि ‘मुलाला’ हे शब्द असतात. एक जण ‘मुल’ आणि ‘मुलाला’ लिहितो, दुसरा ‘मूल’ आणि ‘मूलाला’. नेहमीच्या तपासणीत दोघांची चूक एकेकच. पण पहिल्याला मूळ शब्दातला दीर्घ उकारच ठाऊक नाही. दुसऱ्याला तो पक्का ठाऊक आहे, प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो एवढेच माहीत नाही. दोघांना शुद्धलेखनाचे सगळे नियम पाठ करायला लावणे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला!

दुसरा प्रश्न : ‘फड’ या शब्दाचे सुचतील तेवढे अर्थ लिहा. इथे मोठी गंमत होते. उसाचा फड, तमाशाचा फड, कुस्त्यांचा फड असे भराभर लिहिणारी पोरे बहुधा शेवटच्या बाकांवरची असतात. शब्दशक्तीचा पाठ मी मग व्याख्येपासून सुरू करीत नाही. ‘फड जिंकला’ म्हणजे नेमके काय जिंकले, असे विचारतो. अभिधा आणि लक्षणा वर्गातूनच बाहेर येतात, आणि दोन तासांचे काम एका तासात होते. पूर्वचाचणी उणीव दाखवते हे सर्वांना ठाऊक असते. ती शिदोरीही दाखवते, हे आपण विसरतो.

तिसरा प्रश्न म्हणजे एक उतारा वाचून त्याचा आशय तीन ओळींत लिहिणे. एका वर्षी एका मुलाचा कागद कोरा आला. समास मात्र पट्टीने आखलेला. तास संपल्यावर त्याच्याकडून उतारा मोठ्याने वाचून घेतला. अक्षर न् अक्षर त्याला येत होते, पण ओळ संपेपर्यंत तिचा आरंभ हातून सुटत होता. बारा वर्षे कुणी थांबून ऐकलेच नव्हते. घरातून कॉलेजात आलेला तो पहिलाच. तासाआधी रोज पंधरा मिनिटे एका मित्राबरोबर त्याने वाचायचे ठरवले. पहिल्या दिवशी चार ओळी, दिवाळीच्या सुटीपर्यंत वर्तमानपत्रातला आख्खा स्तंभ. सत्रपरीक्षेत नापास झाल्यावर हे उमगले असते, तर तोवर तो बहुधा कॉलेज सोडून गेला असता.

हा विचार मोठ्या प्रमाणावर महाराष्ट्रातच रुजला आहे. मुंबईत १९९५ साली ‘प्रथम’ संस्था सुरू झाली. तिच्या ‘बालसखी’ उपक्रमात मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून वस्तीतलीच एखादी तरुणी वाचन आणि गणित शिकवी. मुंबई आणि बडोद्यात २००१ ते २००३ या काळात त्याची पाहणी झाली, आणि मुलांची प्रगती दिसून आली. ती पाहणी करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे ‘प्रथम’ने इयत्ता न पाहता, छोटी चाचणी घेऊन पातळीप्रमाणे गट करण्याची रीत बसवली. शासनानेही २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात भाषा आणि गणिताच्या पायाभूत चाचण्या आणल्या. करोनाच्या खंडानंतर २०२१ मध्ये पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास आला, त्यातही चाचण्या होत्या.

कुणी विचारील, न शिकवलेले विचारून मुलांचा हिरमोड कशाला करायचा? अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाचे उत्तर मजेदार आहे. उतारा वाचण्याआधी ज्यांना त्यावर प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे चुकली तरी पुढे तेच भाग त्यांच्या अधिक लक्षात राहिले. नुसता वाचायला जास्त वेळ मिळालेले मागे पडले. चुकीचा अंदाजही मनात जागा करून ठेवतो.

धोका एकच, शिक्क्याचा. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने यांनी बुद्धिमापनाची कसोटी रचली ती कोणत्या मुलाला जादा मदत हवी हे ओळखण्यासाठी. पुढे जगाने तिच्यावरून माणसांची प्रतवारी केली. चाचणीनंतर ‘हुशार’ आणि ‘ढ’ असे बाक ठरणार असतील तर ती न घेतलेली बरी. आणि कागद कपाटात ठेवून शिक्षक ठरलेलाच धडा ठरल्या दिवशी शिकवणार असेल, तरीही न घेतलेली बरी. चाचणी मुलाची असली तरी बदलायची असते शिकवणाऱ्याची योजना.

वाचकहो, जादा शिकवणीचे पैसे भरण्यापूर्वी घरी एवढे करून पाहा. फराळानंतर मुलाला जवळ बसवा. दुसरीच्या पुस्तकातली एखादी गोष्ट वाचायला द्या. अडखळला तर सोपा परिच्छेद, मग सुटे शब्द, मग अक्षरे. हातच्याची एक वजाबाकी, एक साधा भागाकार. ‘प्रथम’चे ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून गावोगावच्या घरांत जवळपास हेच विचारत आले आहे. पाच-दहा मिनिटांत कळते. मात्र शेजारच्या बंडूचे नाव काढू नका, आणि चुकले तर कपाळाला हात लावू नका. गाडी कुठे अडली ते पाहा आणि सुटीत तेवढेच घ्या. वजाबाकीच अडली असेल तर भागाकाराची शिकवणी लावून पैसे कशाला घालवायचे?