न्यान होइ : एका सच्छिष्याचें नांव

‘ज्ञान’ हा शब्द मराठी माणूस ‘द्न्यान’ असा उच्चारतो, हिंदी भाषक ‘ग्यान’ असा. अक्षर एकच, ध्वनि निराळा. कन्फ्यूशियसचा आवडता चिनी शिष्य यान ह्वे ह्याच्या नांवाचें असेंच झालें. व्हिएतनामी पंडित चिनी अक्षरें आपल्या परंपरागत उच्चारानें वाचीत. म्हणून तेथें तो ‘न्यान होइ’ झाला. हानोई येथें १०७० सालीं स्थापन झालेल्या साहित्यमंदिरांत गुरूच्या सान्निध्यांत त्याची मूर्ति आहे.

हा मान त्याला कशामुळें मिळाला? त्यानें ना ग्रंथ लिहिला, ना राज्य चालविलें. दरिद्री गल्लींत, वेळूच्या टोपलींतील अन्न व तुंब्यांतील पाणी ह्यांवर तो आनंदानें राहिला. एकाचा राग त्यानें दुसऱ्यावर काढला नाहीं. एकदां झालेली चूक पुन्हां केली नाहीं. तो अकालीं वारला, तेव्हां संयम शिकविणारा गुरु अनावर रडला.

व्हिएतनामांतील जुन्या राजपरीक्षा १९१९ सालीं संपल्या. चिनी अक्षरें नित्य व्यवहारांतून गेलीं, रोमन लिपि रूढ झाली. मूळ अक्षरें वाचणारे थोडे उरले. ‘न्यान होइ’ हें नांव मात्र टिकलें. रागाला आवर घालावा, चूक पुन्हां करूं नये, हा त्याचा धडा कोणत्याहि लिपींत वाचतां येतो.