भौतिकशास्त्राची पदवी: सिंगापूरचा हिशेब

नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरमध्ये, म्हणजे एनयूएसमध्ये, भौतिकशास्त्राच्या एकाच वर्गात बसणाऱ्या तीन मुलांची फी तीन प्रकारची असते. नागरिकाला वर्षाला साधारण सव्वाआठ हजार सिंगापूर डॉलर, पीआर म्हणजे कायम निवासी असलेल्याला बारा हजारांच्या आसपास. पुण्याहून थेट आलेल्या किंवा आईवडिलांच्या नोकरीमुळे डिपेंडंट पासवर इथे वाढलेल्या मुलाला अठरा ते वीस हजार. तीही सरकारचं ट्यूशन ग्रँट घेतलं तर. नाहीतर जवळजवळ दुप्पट.

एका डॉलरला ६५ रुपये धरले, तर परदेशी विद्यार्थ्याची फी बारा लाखांच्या घरात जाते. राहणं-जेवण काटकसरीने केलं तरी सात-आठ लाख. चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला ऐंशी लाख. इथल्या मराठी घरांत बारावीच्या वर्षी याच आकड्यावर चर्चा अडते आणि मग 'एवढे पैसे घालायचेच तर कम्प्युटर सायन्सला घाल' या वाक्यावर संपते. माझ्या मते खरा जोखमीचा भाग या ऐंशी लाखांत नाही. तो ग्रँटच्या करारात आहे.

ग्रँट घेणाऱ्या परदेशी आणि पीआर विद्यार्थ्याला पदवीनंतर तीन वर्षं सिंगापूरमधल्या कंपनीत नोकरी करावी लागते. हा बाँड मोडला तर ग्रँटची रक्कम चक्रवाढ व्याजासकट भरावी लागते. पीआर मुलाला नोकरीसाठी वेगळा पास लागत नाही. (मात्र आईवडिलांबरोबर पीआर झालेल्या मुलग्याला दोन वर्षं नॅशनल सर्व्हिस असते. हा काळ कुठल्याच फी-तक्त्यात दिसत नाही.) परदेशी विद्यार्थ्याला मात्र पास लागतो, आणि जानेवारी २०२५ पासून नव्या एम्प्लॉयमेंट पाससाठी पगाराची किमान अट महिना ५,६०० डॉलर आहे, वित्तक्षेत्रात ६,२००. आता याच्या शेजारी विद्यापीठांच्या पदवीधर पाहणीतला आकडा ठेवा: २०२४ साली बाहेर पडलेल्या आणि पूर्णवेळ कायम नोकरी मिळालेल्या पदवीधरांचा मध्यक पगार ४,५०० डॉलर होता. म्हणजे त्यांतल्या निम्म्यांना याहून कमी. संगणक आणि माहिती तंत्रज्ञानवाले या आकड्याच्या बरेच वर असतात, विज्ञानवाले साधारणपणे खाली.

मधली वाट एस पास या दुसऱ्या नोकरी-पासची. त्याची पगाराची अट बरीच खालची आहे, पण कंपनीने असे किती कर्मचारी ठेवायचे याला मर्यादा आहे: सेवाक्षेत्रात एकूण मनुष्यबळाच्या १० टक्के, कारखानदारीत १५. शिवाय प्रत्येकामागे कंपनीला दरमहा लेव्ही भरावी लागते. म्हणून 'मुलगी हुशार आहे, नोकरी मिळेलच' एवढ्यावर कोणी करारावर सही करू नये, असं मला कळकळीने वाटतं. नोकरी मिळणं आणि पास मिळणं या इथे दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

मग भौतिकशास्त्र सोडून द्यायचं का? मुळीच नाही. वुडलँड्स आणि टँपिनीस भागातल्या वेफर फॅबना, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्यांना, प्रोसेस इंजिनिअर हवे असतात. मायक्रॉन, ग्लोबलफाउंड्रीज इथे आहेतच. शिवाय व्हॅनगार्ड आणि एनएक्सपी यांच्या भागीदारीतल्या ७.८ अब्ज अमेरिकी डॉलरच्या फॅबचं काम २०२४ मध्ये टँपिनीसला सुरू झालं. अर्धवाहक, निर्वात तंत्र, प्रकाशिकी हे विषय पदवीतच शिकलेला मुलगा तिथे उपरा ठरत नाही. बँकांची जोखीम-गणितं आणि डेटाची कामंही आहेत, पण तिथे स्पर्धा थेट संगणकवाल्यांशी. त्यासाठी जोडीला गणित किंवा डेटा सायन्स घ्यावं, आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून एखाद्या प्रयोगशाळेत काम धरावं. पाहणीत एनयूएसची विज्ञान पदवी एकत्रच मोजली जाते, भौतिकशास्त्र वेगळं दिसत नाही; त्यामुळे मुलाने त्या चार वर्षांत नेमकं काय केलं, याला सरासरीपेक्षा जास्त वजन आहे.

या विषयाचा मोबदला उशिरा येतो आणि तो बहुधा संशोधनातून येतो. एनयूएसमध्ये २००७ साली आर्टुर एकर्ट यांच्या नेतृत्वाखाली सेंटर फॉर क्वांटम टेक्नॉलॉजीज उभं राहिलं. २०२४ मध्ये सरकारने क्वांटम क्षेत्रासाठी सुमारे ३० कोटी सिंगापूर डॉलरची योजना जाहीर केली. तिथल्या बहुतेक चांगल्या कामांना पीएचडी लागते, आणि पीएचडीचा हिशेब अगदी उलटा आहे. 'सिंगा' शिष्यवृत्तीत चार वर्षांची फी माफ असते, वर दरमहा विद्यावेतन मिळतं.

म्हणून पुण्या-नाशिकच्या, कर्ज काढायला निघालेल्या घराला माझा सल्ला सरळ आहे. पदवी आयसर पुणे किंवा फर्ग्युसनसारख्या ठिकाणी करा. 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती मिळाली तर वर्षाला ८० हजार रुपयांपर्यंत मदत होते. सिंगापूरला पीएचडीसाठी या. इथेच वाढलेल्या पीआर मुलांनी मात्र एनयूएस किंवा नानयांग विद्यापीठातली जागा मिळाली तर सोडू नये. आणि डिपेंडंट पासवरच्या मुलांच्या आईवडिलांनी करारावर सही करण्याआधी भौतिकशास्त्र विभागाला विचारावं: गेल्या तीन वर्षांतले तुमचे परदेशी पदवीधर आज कुठल्या कंपन्यांत आहेत, आणि कुठल्या पासवर?