गोळी घेतली का, मावशी?

हैदराबादकडे निघालेले ट्रक पांढरकवड्यातून हॉर्न दाबतच जातात. महामार्गापासून दोन गल्ल्या आत, एका सभागृहाच्या दाराशी चपलांचा ढीग. आत रक्तदाबासाठी ॲक्युपंक्चरचं शिबिर. एप्रिलचं ऊन पत्र्यावर तापतंय. कूलरची हवा पुढच्या दोन रांगांपुरतीच. मागचे लोक नंबराच्या चिठ्ठीनं वारा घेतात.

टेबलाशी दंडाला पट्टा बांधला जातो, फुगतो, फुस्सकन सुटतो. ‘एकशे अठ्ठावन्न, शंभर.’ मुलगी वहीत लिहिते. पान भरत आलंय, पण १४०/९० च्या खालचा आकडा शोधावा लागतो. उन्हातून आलेल्या माणसाला पाच मिनिटं बसवून मग दाब मोजायचा असतो. इथे रांग मागून ढकलते.

‘सकाळची गोळी घेतली का, मावशी?’

‘सुई टोचाची हाय म्हून नाई घेतली.’

मागच्या दोघी-तिघी माना डोलावतात. सुईची मला धास्ती नाही. ह्या माना डोलावण्याची आहे.

पडद्यामागे खाटा. सुई जेमतेम पाव मिलिमीटर जाड. नळीतून टिचकी मारली की आत. एक कोपराच्या घडीशी, एक गुडघ्याखाली, एक पावलावर. मावशींच्या टाचांच्या भेगांत काळी माती मुरलेली. जोडव्याच्या जरा वर सुई ताठ उभी राहते.

‘दुखते का?’

‘मुंगी चावल्यावानी.’

आता वीस मिनिटं हलायचं नाही. भर दिवसा नुसतं पडून राहायला मावशींना एरवी कोण देतं? दाब तेवढ्यानंही थोडा उतरत असेल, आणि जमा होत असेल सुईच्या खात्यावर. २०१८ साली अशा सुयांच्या २२ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला, १,७४४ रुग्णांचा. उतरलेला दाब पुढे टिकून राहतो, असा पुरावा त्यात सापडला नाही.

सुया निघतात, डब्यात पडतात. पुन्हा पट्टा. १४६/९२.

‘उतरला नं!’ मावशी खाटेवरूनच शेजारणीला सांगतात.

‘आज उतरला. गोळी सोडाल तर चढेल,’ डॉक्टर म्हणतात. बटव्यातून सरकारी दवाखान्यातली ॲम्लोडिपिनची पट्टी निघते, सुपारीच्या खांडांना चिकटलेली. डॉक्टर स्वतः पाण्याचा ग्लास पुढे करतात. ‘अन् मीठ कमी.’

गोळी गिळून मावशी विचारतात, ‘मंग ठेच्यात टाकाव तरी काय?’

रांगेत हशा पिकतो. मुलगी पुढचा नंबर पुकारते.