युनायटेड गोअन्स पक्ष
गोव्यातील एक प्रादेशिक राजकीय पक्ष. गोवा मुक्त झाल्यावर (१९६१) त्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण करावे, या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या भूमिकेस विरोध करण्यासाठी तो १९६३ मध्ये जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाला. त्यास मुख्यत्वे ख्रिस्ती समाजाचा आधार होता. त्याच वर्षी विधानसभेच्या ३० पैकी १२ जागा मिळवून तो प्रमुख विरोधी पक्ष ठरला. १६ जानेवारी १९६७ रोजीच्या जनमत कौलात विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१, तर बाजूने १,३८,१७० मते पडली. ख्रिस्ती अल्पसंख्य असल्याने हिंदू मतदारांच्या साथीवाचून हे बहुमत अशक्य होते. उद्दिष्ट साधल्यावर मात्र पक्षात फूट पडली व १९७७ च्या सुमारास तो विसर्जित झाला. विलीनीकरण टळल्यामुळेच १९८७ मध्ये गोव्यास घटकराज्याचा दर्जा मिळू शकला.