पगार कमी, तरी शिल्लक कशी? कोपरखैरण्यातल्या माथाडींच्या ‘लेव्ही’त आहे उत्तर

कोपरखैरण्यातल्या बैठ्या घरांच्या एखाद्या गल्लीत सकाळी उभं राहिलं, की एकाच दारातून दोन पिढ्या कामाला निघताना दिसतात. वडील तुर्भ्याच्या मार्केटकडे, गोणी उचलायला. मुलगा पाठीवर मोठी बॅग अडकवून बाईकवर, डिलिव्हरीला.

वडिलांच्या डोक्यावर ५० किलोची गोणी असते, मुलाच्या हातात स्मार्टफोन. मुलाचे पैसे आठवड्याच्या आठवड्याला खात्यात येतात. खिशात क्रेडिट कार्ड आहे आणि मोबाईलवर दोन मिनिटांत कर्जही मिळतं. वरवर बघितलं तर मुलगा पुढे गेलाय.

पण समजा, दोघेही कायमचे घरी बसले. वडिलांच्या नावावर प्रॉव्हिडंट फंड आहे, ग्रॅच्युइटी आहे. मुलाच्या नावावर काय आहे? बऱ्याचदा बाईकचा हप्ता.

हे असं का झालं, हे समजून घ्यायचं तर आधी माथाडींची गोष्ट बघावी लागेल.

उचल घेणारा हमाल

माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. सातारा, सांगली, पुणे, अहिल्यानगर अशा भागांतून हजारो माणसं मुंबईत आली आणि मशीद बंदर, भायखळा, गोदी परिसरात हमाली करू लागली. काम रोज होतं, पण मालक रोज वेगळा. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. त्यामुळे कायदेशीरदृष्ट्या या माणसाला ‘मालक’च नव्हता. मालक नाही म्हणजे फंड नाही, पगारी सुट्टी नाही, अपघात झाला तर भरपाई नाही.

मजुरी यायची ती मुकादमाच्या हातून, त्याचा वाटा कापून. घरात आजारपण आलं, गावाकडे लग्न निघालं, की उचल घ्यायची. उचल घेतली की पुढची मजुरी आधीच संपलेली. मग त्या मुकादमाला सोडून दुसरीकडे जायचीही सोय नाही. कमाई कमी होती हा एक भाग. त्याहून मोठा प्रश्न हा होता, की पैसे मागायला कायम दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागायचं.

पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळे गावचे अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत या कामगारांना संघटित केलं. मोर्चे निघाले, संप झाले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा आला.

लेव्ही म्हणजे नेमकं काय?

या कायद्याने एक साधी पण हुशार गोष्ट केली. मालक आणि कामगार यांच्या मध्ये एक मंडळ आणलं, ज्यात सरकार, मालक आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी असतात.

मालकाने मजुरी थेट मुकादमाच्या हातात द्यायची नाही, मंडळात भरायची. मजुरीवर ठरावीक टक्के रक्कम वेगळी भरायची, ती म्हणजे ‘लेव्ही’. तिचा दर प्रत्येक मंडळाचा वेगळा असतो. मजुरी कामगाराला मिळते आणि लेव्हीतून त्याचा प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी सुट्ट्या, औषधोपचार हे सगळं उभं राहतं.

मालक बदलला, गाळा बदलला, तरी मंडळ तेच राहतं. म्हणजे फंडही चालूच राहतो.

पुढे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने मुंबईतून वाशी-तुर्भ्याला आले. कांदा-बटाटा, मसाला, धान्य, भाजीपाला, फळं. त्यांच्या मागोमाग माथाडीही आले. कोपरखैरणे, घणसोली भागात सिडकोची छोटी घरं त्यांना मिळाली. त्यावरच नंतर मजले चढले. रोजच्या हमालीवर जगणाऱ्या माणसाच्या नावावर नवी मुंबईत घर झालं.

आता यातली खरी मेख बघा. माथाडीने दर महिन्याला मन मारून बचत केली म्हणून फंड जमला, असं नाही. ती रक्कम त्याच्या हातात येण्याआधीच बाजूला निघत होती. बचत करायची की नाही, हा प्रश्न दर महिन्याला नव्याने सोडवावाच लागला नाही.

मुलगा पुन्हा तिथेच का पोहोचला?

डिलिव्हरी करणारा, कॅब चालवणारा, घरून काम घेणारा डिझायनर, सगळ्यांची स्थिती जुन्या हमालासारखीच आहे. काम रोज, पण कागदावर मालक नाही. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये अशा ‘गिग’ कामगारांची पहिल्यांदा कायद्यात व्याख्या झाली. त्यांच्या कल्याणासाठी ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यावी, अशी तरतूदही त्यात आहे. कल्पना लेव्हीच्याच जातीची. पण प्रत्येक मजुरीमागे फंड आणि ग्रॅच्युइटी जमा करणाऱ्या माथाडी मंडळाएवढं संरक्षण त्यातून मिळत नाही.

आणि उचल? तीही गेलेली नाही. आता ती मोबाईलवर मिळते, एवढाच फरक. क्रेडिट कार्डाची थकबाकी ठेवली तर अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. ४०,००० रुपये थकले, तर एका महिन्याचं व्याज साधारण १,४०० रुपये. बिलावर ‘मिनिमम ड्यू’ म्हणून छोटा आकडा दिसतो. तेवढाच भरला तर दंड टळतो, व्याज टळत नाही.

म्हणून महागडी उधारी आधी फेडायची. वर्षाला ४० टक्क्यांच्या घरातलं व्याज चालू असताना ८ किंवा १२ टक्के परतावा देणारी गुंतवणूक शोधण्यात अर्थ नाही.

स्वतःचं मंडळ, स्वतःची लेव्ही

ज्याच्यासाठी कुठलंही मंडळ लेव्ही भरत नाही, त्याला ती स्वतःच भरावी लागते. कशी, ते आकड्यांत बघू.

समजा, महिन्याची कमाई २५,००० रुपये आणि खर्च २०,०००. पैसे आले त्याच दिवशी ५,००० दुसऱ्या बँक खात्यात गेले पाहिजेत. या खात्याला यूपीआय जोडायचं नाही, कार्ड घरात ठेवायचं. महिनाअखेरीला उरतील तेवढे टाकू म्हटलं, तर उरत नाहीत हे सगळ्यांनाच माहिती आहे. कमाई कमी-जास्त होत असेल, तर ठरावीक रकमेऐवजी टक्के ठरवायचे. माथाडींची लेव्हीही टक्क्यांतच असते.

या पैशांचा क्रम असा:

पहिलं, सहा महिन्यांचा खर्च. २०,००० गुणिले ६, म्हणजे १ लाख २० हजार. महिन्याला ५,००० टाकून हे जमायला दोन वर्षं लागतात. हे पैसे मुदत ठेवीत किंवा बचत खात्यातच ठेवायचे. बाईक बंद पडली, ताप आला, ॲपने आयडी ब्लॉक केला, तर ही रक्कम उचलीपासून वाचवते.

दुसरं, विमा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजनेत १८ ते ५० वयोगटात नाव नोंदवता येतं, वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा आयुर्विमा मिळतो. दोन्हींचे पैसे बँक खात्यातून आपोआप कापले जातात. रस्त्यावर दिवस घालवणाऱ्यासाठी ही सुरुवात आहे. त्यानंतर कुटुंबाचा आरोग्य विमा, कारण एक मोठं आजारपण दहा वर्षांची बचत खाऊन टाकू शकतं.

तिसरं, लांबचे पैसे. पीपीएफ १५ वर्षांचं असतं, वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात. १८ ते ४० वयाच्या आणि आयकर न भरणाऱ्या व्यक्तीला अटल पेन्शन योजनाही घेता येते. त्यापुढे जोखीम समजून म्युच्युअल फंडाची एसआयपी.

महिन्याला ५,००० रुपये सरासरी ८ टक्क्यांनी वाढले, तर १० वर्षांत साधारण ९ लाख १५ हजार होतात आणि २० वर्षांत २९ लाख ४५ हजार. वेळ दुप्पट, रक्कम तिप्पटीहून जास्त. दरवर्षी लेव्ही १० टक्क्यांनी वाढवली, म्हणजे दुसऱ्या वर्षी ५,५०० आणि असंच पुढे, तर २० वर्षांत जवळपास ६६ लाख.

मग झालं का आर्थिक स्वातंत्र्य?

इथे रील्सवाले थांबतात, पण हिशेब पुढे करायला हवा.

जगभर वापरला जाणारा ढोबळ नियम असा, की वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम साठली की कमाई न करताही निभावता येतं. हा नियम अमेरिकेतल्या जुन्या आकडेवारीवरून आला आहे. भारतात महागाई जास्त, म्हणून ३० पट धरलेलं बरं. वर्षाचा खर्च २ लाख ४० हजार असेल, तर ३० पट म्हणजे ७२ लाख, तेही आजच्या किमतीत. महागाई ६ टक्के धरली, तर आजचा २० हजारांचा खर्च २० वर्षांनी ६४ हजारांवर गेलेला असेल. त्या हिशेबाने तेव्हाचे ६६ लाख म्हणजे आजचे साधारण साडेवीस लाख. साडेआठ वर्षांचा खर्च.

म्हणजे २५ हजारांच्या एकट्या कमाईवर पंचेचाळिशीत निवृत्त व्हायचं स्वप्न कुणी विकत असेल, तर सावध राहा. पण साडेआठ वर्षांचा खर्च गाठीला असणं ही लहान गोष्ट नाही. असा माणूस वाईट काम नाकारू शकतो, आईच्या ऑपरेशनला सावकाराकडे न जाता उभा राहू शकतो, वर्षभर थांबून नवीन कौशल्य शिकू शकतो.

वडिलांनी मिळवलेल्या घराची किंमतही इथे कळते. महिन्याचा खर्च १,००० रुपयांनी कमी असेल, तर ३० पटीच्या हिशेबाने ३ लाख ६० हजार कमी साठवावे लागतात. भाडं नसणं म्हणजे काही लाखांचा डोंगर आधीच चढून झालेला असणं.

जमलेलं जातं कुठे?

शेवटचा धोका एकदम हातात आलेल्या रकमेचा. निवृत्तीला फंड आणि ग्रॅच्युइटी एकत्र येते आणि त्याच सुमारास सल्ला देणारेही येतात. जानेवारी २०२५ मध्ये टोरेस प्रकरणात दादर, सानपाडा इथली चकचकीत दुकानं अचानक बंद पडली. दर आठवड्याला परतावा मिळेल, या आश्वासनावर हजारो लोकांनी पैसे गुंतवले होते. आठवड्याला ६ टक्के म्हणजे वर्षाला ३०० टक्क्यांहून जास्त, एवढा एक गुणाकार केला तरी शंका यायला हवी. साठीनंतरच्या पैशांसाठी पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. तिच्यात ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि दर तीन महिन्यांनी व्याज मिळतं.

घरात हे सगळं एकालाच माहीत असणंही धोक्याचं. कुठलं खातं, कुठला विमा, नॉमिनी कोण, हे एका वहीत लिहून ती घरच्यांना दाखवायला हवी. बायकोला नवऱ्याची कमाई आणि वडिलांना मुलाचं कर्ज माहीत असेल, तर बऱ्याच चुका घरातच थांबतात.

माथाडींना लेव्ही मिळवायला मोर्चे काढावे लागले. त्यांच्या मुलांना गिग कामासाठी तसं संरक्षण मिळायला वेळ लागेल आणि त्यासाठी भांडावंही लागेल. पण पैसे आले त्याच दिवशी एक वाटा बाजूला काढायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. या महिन्यात ५,००० जमत नसतील तर ५०० पासून सुरू करता येतं.