प्राचीन ज्यू संस्कृतीतील अंजिराची सुकवण व ढेप : प्रक्रिया आणि धर्मनियम

पूर्व भूमध्य सागरी प्रदेशात अंजीर पर्जन्यहीन उन्हाळ्यात पिकते. झाडावरील सर्व फळे एकाच वेळी तयार होत नाहीत आणि ताजे फळ फार दिवस टिकत नाही. त्यामुळे फळ सुकवून साठविणे ही प्राचीन ज्यू कुटुंबाची गरज होती. हिब्रू भाषेत ताज्या फळास ‘तेएना’, सुक्या फळास ‘ग्रोगेरेत’ आणि दाबून केलेल्या ढेपेस ‘देवेला’ अशा स्वतंत्र संज्ञा आढळतात.

फळे उघड्यावर पसरून उन्हात सुकवीत. या वाळवणाच्या जागेस ‘मुक्त्से’ म्हणत. सुकलेली फळे रांजणात तुडवून घट्ट बसवीत किंवा त्यांची वर्तुळाकार ढेप करीत. ढेपेचा पृष्ठभाग फळांच्या रसाने गुळगुळीत करीत. पाण्याचा अंश घटून साखरेचे प्रमाण वाढल्याने सूक्ष्मजीवांची वाढ मंदावते. दाबल्याने हवा निघून जाते व आकारमान घटते. म्हणूनच ढेप प्रवासात सोयीची ठरे. अबीगईलने दावीदाकडे पाठविलेल्या शिधासामग्रीत अंजिरांच्या २०० ढेपा होत्या, असा उल्लेख बायबलमधील पहिल्या शमुवेल ग्रंथात (अध्याय २५) आहे. राजा हिज्कीयाच्या गळवावर अशीच ढेप लावल्याची नोंद दुसऱ्या राजे ग्रंथात (अध्याय २०) मिळते.

सुमारे इ. स. २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्नाने या प्रक्रियेच्या टप्प्यांना कायद्याचे महत्त्व दिले. फळावर दशमांश केव्हा लागू होतो, हा शेतकऱ्याच्या दृष्टीने कळीचा प्रश्न होता. सुकी अंजिरे तुडविल्यानंतर आणि ढेप गुळगुळीत केल्यानंतर काम पूर्ण झाले, असे मानले गेले. तुडविणे चालू असताना रांजण फुटल्यास त्यातील फळे दशमांश न देता सहज खाता येतात काय, याविषयीही मतभेद होता. बहुमताने मनाई केली, तर रब्बी योसे यांनी मुभा दिली. शब्बाथच्या दिवशी घराबाहेर अन्न नेण्याच्या अपराधाची किमान मर्यादाही सुक्या अंजिराएवढी ठरविण्यात आली.

‘मुक्त्से’ या शब्दाचा प्रवास अधिक लक्षणीय आहे. अर्धवट सुकलेले फळ खाण्यायोग्य नसल्याने मालकाने ते तात्पुरते वापरातून बाजूला ठेवलेले असे. या ‘बाजूला ठेवलेल्या’ अवस्थेवरून, शब्बाथला हाताळू नयेत अशा वस्तूंसाठी हीच संज्ञा रूढ झाली. अशा रीतीने अंगणातील वाळवणाने अन्नसुरक्षेबरोबरच धर्मशास्त्रीय विचारालाही परिभाषा पुरविली, असे म्हणता येईल.