वेगाचा आभास देणारी अक्षरे : ठळक, कोनदार व तिरप्या मुद्राक्षरांची रचना

खेळाडूंचे गणवेश, क्रीडासाहित्याची वेष्टने, मोटार शर्यतींची बोधचिन्हे यांवरील अक्षरे बहुधा ठळक, कोनदार आणि उजवीकडे झुकलेली असतात. मजकुराच्या मुद्राक्षराने वाचकाच्या नजरेआड राहावे, अशी अपेक्षा असते. या शीर्षक-मुद्राक्षरांचे कार्य नेमके उलट होय. शब्द वाचला जाण्यापूर्वीच त्यांनी वेग आणि जोम सुचवावयाचा असतो.

तिरप्या अक्षराचे वेगाशी असलेले नाते मात्र जन्मजात नाही. व्हेनिस येथे आल्डस मॅन्युशियस याने १५०१ मध्ये फ्रान्सेस्को ग्रिफो याने कोरलेल्या तिरप्या मुद्राक्षरांत व्हर्जिलचे काव्य छापले. त्यापुढे आदर्श होता तो तत्कालीन विद्वानांच्या हस्ताक्षराचा. त्यातील मोठी अक्षरे तर सरळ उभीच होती. झुकाव म्हणजे गती हे समीकरण रूढ होण्यात छायाचित्रणाचाही वाटा असावा. झाक आंरी लार्तीग याने १९१० च्या दशकाच्या प्रारंभी टिपलेल्या शर्यतीच्या मोटारीचे चाक लंबवर्तुळाकार व पुढे झुकलेले दिसते; कारण कॅमेऱ्याच्या झडपेची फट सरकेपर्यंत मोटार पुढे गेलेली होती. यंत्राची मर्यादाच येथे वेगाची खूण ठरली. पॉल रेनर याच्या १९२७ च्या ‘फ्यूचरा’ची ठळक, तिरपी रूपे पुढे नाइकीने आपल्या नावासाठी वापरली, ती याच अर्थाने.

सरळ अक्षर संगणकावर नुसते तिरके ओढल्याने असे मुद्राक्षर सिद्ध होत नाही. रोमन ‘ओ’ उजवीकडे कलविला की त्याची रेषा वर उजवीकडे व खाली डावीकडे जाड होते, उरलेल्या दोन बाजूंना बारीक होते. कोपरे छाटलेले असतील तर समान छाटही असमान भासू लागते. रेषा जितकी ठळक, तितका हा दोष उघडा पडतो. त्यामुळे रचनाकारास प्रत्येक वळण नजरेच्या आधारे पुन्हा आखावे लागते.

देवनागरीत ही अडचण अधिक गहन आहे. मराठी मुद्रणात तिरप्या अक्षराची स्वतंत्र परंपरा नाही. जोर देण्यासाठी ठळक अक्षरच पुरेसे मानले गेले. शिवाय दंड झुकला तरी शिरोरेषा आडवीच राहते. प्रो कबड्डी लीगमधील ‘पुणेरी पलटण’ हे नाव १२ अंशांच्या झुकावाने लिहून पाहावे. १००० एककांच्या चौकटीत पायारेषेपासून ८०० एकक उंचीवरील वेलांटीचे टोक सुमारे १७० एकके उजवीकडे सरकते, तर २५० एकक खाली असलेला उकार सुमारे ५३ एकके डावीकडे जातो. परिणामी ‘पु’चा उकार आपल्या दंडाखालून निसटल्यासारखा दिसतो आणि ‘री’ची वेलांटी पुढील शब्दाच्या अवकाशात शिरते. अशा वेळी झुकाव कमी करणे, उकार वेगळा आखून दंडाखाली आणणे आणि वेलांटी आखूड करणे, हाच मार्ग उरतो. रोमन अक्षरांसाठी ठरविलेला कोन देवनागरीवर जसाच्या तसा लादला, तर वेग दिसतो, पण नाव वाचता येत नाही.